मदत हवी आहे: बालगृहातल्या मुलाचं रिस्पेरिडोन

नमस्कार. मी बालगृहात समुपदेशक आहे. इथल्या १४ वर्षांच्या एका मुलाला मारामारी, तोडफोड यासाठी सरकारी दवाखान्यातून रिस्पेरिडोन हे मानसिक आजारांवरचं औषध सुरू आहे, रात्री १ मिग्रॅ. फिट्स नाहीत, दुसरं औषध नाही. आईवडील नाहीत, ताबा बालकल्याण समितीकडे.

मारामारी कमी झाली हे खरं. पण पोर सकाळी प्रार्थनेत उभ्या उभ्या पेंगतं, जेवण झाल्यावरही ताट घेऊन पुन्हा रांगेत येतं, आणि जूनमध्ये शिवलेल्या शाळेच्या पँटचं बटण आता लागत नाही. या औषधाने वजन, साखर, प्रोलॅक्टिन (शरीरातलं एक संप्रेरक) वाढू शकतं, म्हणून तपासण्यांचं विचारलं. पण ओपीडीत दर वेळी नवे डॉक्टर, जुनीच चिठ्ठी पुढे चालू.

भडका कधी उडतो याची वही ठेवली आहे. बहुतेक भांडणं रात्री दिवे मालवताना होतात, आणि तेव्हा ड्युटीवर एकच काळजीवाहक असतो. म्हणूनच अधीक्षक डोस कमी करायला घाबरतात. औषध परस्पर बंद करणार नाही, ते धोक्याचं आहे हे माहीत आहे.

डोस हळूहळू कमी करण्याचा विचार व्हावा म्हणून डॉक्टरांपुढे नेमकं काय मांडू, कोणत्या तपासण्या लेखी मागू? आणि २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार अशा मुलासाठी संमती कुणाची: समितीची की अधीक्षकांची?