खेळाचे व्हिडिओ: अख्खी शर्यत पाहावी की शेवटचा तुकडा?

मूळ मांडणी (आष्टी, जि. बीड)
आमच्या तालुक्यातील मांडव्याचे अविनाश साबळे यांनी २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसचे (अडथळ्यांच्या शर्यतीचे) रौप्यपदक मिळवले, सुवर्ण ०.०५ सेकंदाने हुकले. माझ्या मोबाइलवर आलेले बहुतेक व्हिडिओ मात्र शेवटच्या शंभर मीटरांचेच होते. २८ अडथळे आणि पाण्यावरच्या ७ उड्या पार करताना ते केनियाच्या धावपटूंना कसे चिकटून राहिले, हे त्यांत नव्हते. आणि १९९८ पासून राष्ट्रकुल स्पर्धेत या शर्यतीची तिन्ही पदके दर वेळी केनियाच नेत होता, हे ठाऊक नसलेल्याला त्या रौप्याचे मोल कसे कळावे? शिवाय या व्हिडिओंवर कर्कश संगीत चढवलेले असते. असे व्हिडिओ मला मुळीच आवडत नाहीत.

प्रतिसाद (धाराशिव)
सर, आपली तळमळ पटते, निष्कर्ष पटत नाही. मी मुलींना खो-खो शिकवते. अनेकींच्या घरी एकच मोबाइल असतो आणि तो वडिलांसोबत रानात जातो. संध्याकाळी हाती आला, तर दिवसाचा डेटा संपत आलेला असतो. खांबाजवळ सूर मारून गडी बाद करतानाचा संथ गतीतला तुकडा त्या दहा वेळा पाहतात आणि दुसऱ्या दिवशी मैदानावर करून पाहतात. अख्खा सामना त्यांनी पाहिलाच नसता.

प्रतिसाद (परभणी)
मला लांबी खटकत नाही, खोटे शीर्षक खटकते. ‘थरारक शेवट’ म्हणून उघडावे, तर आत जुनी छायाचित्रे निघतात. यूट्यूबने नोव्हेंबर २०२१ पासून नापसंतीचा आकडा प्रेक्षकांपासून लपवल्यामुळे आता आधी सावध होण्याचीही सोय उरलेली नाही.

मूळ लेखक
मॅडम, आपण दाखवता तो तुकडा जाणत्या नजरेने निवडलेला असतो, म्हणून तो शिकवतो. पण खो-खोतही सूर तेवढा दिसतो. एकेरी साखळी (बसलेल्या एकेका गड्यामधून नागमोडी पळणे) मोडून दुहेरीत (दोन-दोन गडी ओलांडत) जात, पाठलाग करणाऱ्याला थकवणारी संरक्षकाची पळती कोण कापून दाखवतो? ती सलग पाहिल्याशिवाय समजतच नाही.

प्रतिसाद (धाराशिव)
पळतीबद्दलचे आपले म्हणणे मान्य आहे. साखळी मीही तुकड्यांतून शिकवू शकलेले नाही. तरीही सूर पाहून मैदानावर आलेल्या मुलीलाच मी पुढे साखळी शिकवू शकते, त्यामुळे तो पहिला तुकडा मला नापसंत करता येणार नाही.