मदत हवी आहे : जायकवाडीच्या माशांची नोंद शाळेतली पोरं ठेवू शकतील का?

नमस्कार मंडळी. पैठणजवळ नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या, काठावरच्या शाळेत मी विज्ञान शिकवतो. वर्गातली निम्मी पोरं भोई समाजाची. परवा सातवीतली एक पोरगी वडिलांच्या जाळ्यातल्या रोहूचा खवला वहीत चिकटवून घेऊन आली. भिंगाखाली त्यावरची वर्तुळं दिसली आन् अख्खा वर्ग गोळा झाला. झाडाच्या खोडासारखीच ही गोष्ट, खवल्यावरून माशाचं वय काढता येतं.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडं शाळांमध्ये सॅल्मनची अंडी वर्गातल्या टाकीत उबवतात आणि पिल्लं ओढ्यात सोडतात. आपल्याकडं टाकी नको, पण पोरांच्या घरी रोज मासे येतात. एवढी माहिती पाण्यासारखी वाहून जाते, याचा जीव जळतो.

रोहू, कटला धरणाच्या साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना पावसाळ्यातलं वाहतं पाणी लागतं. म्हणून बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, धरणात सोडावी लागते. तिलापिया मात्र साचल्या पाण्यातही अंडी घालून वाढतो, आणि बारीक आसाच्या, म्हणजे बारीक भोकांच्या, जाळ्यात वीतभर रोहूसुद्धा अडकतो.

तर विचारायचं असं : लांबी, वजन, जाळ्याचा आस, एवढीच नोंद पुरेल का? खवले कसे धुवून जपायचे? आणि उदगीरच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयात शिकलेलं कुणी इथं असेल तर एक दिवस शाळेत याल का? येण्याजाण्याचं, जेवणाचं मी बघतो. नोंदवह्या शिवून तयार आहेत.