मदत हवी आहे: ऑइल घरीच बदललं, आता गाडीखाली थेंब पडतोय

मंडळी, रविवारी नसता उद्योग करून बसलोय, मार्ग सुचवा.

गाडी होंडा सिटी, पेट्रोल, २०१५. सर्व्हिसिंगचं बिल बघून यंदा म्हटलं, ऑइल आपणच बदलू. इंजिन पाच मिनिटं चालवून ऑइल कोमट केलं, बंद केलं, पुढची बाजू उचलून जॅक स्टँड लावले (नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरायचं नाही एवढी अक्कल आहे) आणि १७ नंबरच्या पान्याने खालचा, ऑइल काढायचा बोल्ट सोडला. शेवटचे आटे हाताने सोडताना बोल्ट निसटला तो थेट घमेल्यात, आणि ऑइल माझ्या कोपरापर्यंत. असो. फिल्टर नवा बसवला, ऑइल ०डब्ल्यू-२० ग्रेडचं.

घोळ असा की बोल्टचा वॉशर आणायला विसरलो आणि जुनाच लावला. आज सकाळी खालच्या पुठ्ठ्यावर रुपयाएवढा डाग. रंग मधासारखा, म्हणजे नवंच ऑइल.

बोल्ट अजून थोडा आवळू का? शिवाय चार लिटरचा अख्खा कॅन ओतलाय, आता डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) वरच्या खुणेच्याही बोटभर वर दिसतंय. चालेल? आणि जुनं ऑइल वॉचमन गेटला लावायला मागतोय, देऊन टाकू?

प्रतिसाद १
बोल्टला हात लावू नका! चेंबर (ज्यात ऑइल साठतं तो इंजिनाचा तळ) अ‍ॅल्युमिनियमचा आहे, आटे गेले तर वॉशरच्या किमतीत सुटणार नाही. तो वॉशर एकदा दाबला गेला की संपला, दरवेळी नवाच लागतो. १४ मिमीचा मागा. टॉर्क पाना (किती जोराने आवळलं ते दाखवणारा) मिळाला तर ३९ न्यूटन मीटरला थांबा.

पण गळती बोल्टचीच आहे कशावरून? जुना फिल्टर उलटा करून बघा, त्याचं रबर जागेवर आहे का. ते इंजिनालाच चिकटून राहिलं असेल आणि त्यावर नवा फिल्टर बसवला असेल, तर गाडी अजिबात चालू करू नका. दाबाने ऑइल भसकन बाहेर येतं.

जास्तीचं ऑइल चालणार नाही. क्रँक (इंजिनातला फिरता दांडा) त्यात घुसळला की फेस होतो आणि फेसाने दाब धरत नाही. वॉशरसाठी बोल्ट उघडायचाच आहे, तेव्हा सगळं ऑइल स्वच्छ भांड्यात काढा आणि तेच परत ओता. फिल्टरसकट ३.६ लिटर लागतं, पण तुमचा फिल्टर भरलेला आहे, म्हणून ३.४ च मोजून घाला. मग सपाट जागी डिपस्टिक बघा.

प्रतिसाद २
वॉचमनला देऊ नका, पावसात ते गेटवरून गटारातच जाणार. वापरलेलं ऑइल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात येतं. रिसायकलवाल्याला ऑइल देणारं गॅरेज गाठा. कॅनमध्ये पाणी किंवा कूलंट मिसळू देऊ नका, नाहीतर तेही घेत नाहीत.

धागाकर्ता
हुश्श! जुन्या फिल्टरचं रबर खाचेत शाबूत आहे, म्हणजे वॉशरच. आत्ताच दोन घेऊन आलो, एक पुढच्या वेळेला. संध्याकाळी काम करतो. अडलंय फक्त स्वच्छ भांड्यावर. स्वयंपाकघरातलं मोठं पातेलं मागितलं, तर जे उत्तर मिळालं ते इथे लिहिण्यासारखं नाही.