टिकली लावायची की नाही, हे कोण ठरवतं?

रानजाई:
परवा आईशेजारी बसून तिची मालिका बघत होते. एक नवीन पात्र आलं. कापलेले केस, शर्ट-पँट, मोकळं कपाळ, हातात गाडीची किल्ली. तिने अजून तोंडही उघडलं नव्हतं आणि आई म्हणाली, “ही घर मोडणार बघ.” अंदाज खरा ठरला. माझी आई जन्मभर नोकरी केलेली बाई आहे. कपाळावरून बाईची नियत वाचायला ती कामावर शिकली नाही, संध्याकाळी सात ते दहा टीव्हीसमोर शिकली.

‘आई कुठे काय करते’चंच घ्या. २०१९ च्या डिसेंबरात सुरू झाली, पाच वर्षं चालली. नायिका अरुंधतीने घटस्फोट घेतला, गाणं पुन्हा धरलं, दुसरं लग्न केलं. मराठी मालिकेच्या मानाने हे मोठं पाऊल होतं आणि मी ते मनापासून बघितलं. पण सुरुवातीची मांडणी आठवा: घर सांभाळणारी साडीत, नवऱ्याच्या ऑफिसातली, त्याची प्रेयसी संजना आधुनिक कपड्यांत. कोणाची बाजू घ्यायची ते कपड्यांवरून आधीच कळत होतं.

हे पडद्यापुरतं राहत नाही. २०२१ च्या दिवाळीत जाहिरातींतल्या मॉडेल्सच्या कपाळावर टिकली नाही म्हणून ‘नो बिंदी, नो बिझनेस’ मोहीम झाली. लेखिका शेफाली वैद्य यांनी ती सुरू केली होती. वर्षभराने, २ नोव्हेंबर २०२२ ला, मंत्रालयात संभाजी भिडे यांनी प्रश्न विचारणाऱ्या महिला पत्रकाराला आधी कुंकू लाव, मग बोलतो, असं सांगितलं. भारतमाता विधवा नाही, हे त्यांचं कारण. राज्य महिला आयोगाने त्यांच्याकडे खुलासा मागितला.

मी स्वतः रोज टिकली लावते, मला आवडते. पण न लावल्याचा हिशेब कुणी मागणार नसेल, तरच ती माझी आवड.

पश्चिमवारा:
तीन वेगळ्या गोष्टी एका दावणीला बांधल्यात तुम्ही. मंत्रालयातला प्रकार चूकच होता. ती पत्रकार तिचं काम करत होती. पण २०२१ ची मोहीम कुठल्या बाईला ‘टिकली लाव’ म्हणत नव्हती. आमच्या सणाच्या नावावर दागिने आणि कपडे विकायचे असतील तर सण आमच्यासारखा दाखवा, नाहीतर आम्ही घेणार नाही, एवढंच म्हणणं होतं. लक्ष्मीपूजनाच्या जाहिरातीत बाईचं ओकं कपाळ बघून माझ्या आईला खटकलं. तिचं खटकणं खोटं का? पैसे तिचे आहेत. तुम्ही बाईच्या निवडीबद्दल बोलता, मग गिऱ्हाइकाची निवडही माना.

रानजाई:
तुमच्या आईने कुठून काय घ्यावं हा तिचाच प्रश्न आहे. पण ‘ओकं’ हा शब्द तुम्ही किती सहज लिहिलात बघा. पुरुषाचं कपाळ कधी ओकं असतं का? त्या जाहिरातींत कुर्ता घातलेले पुरुषही होते. त्यांना गंध नाही म्हणून कुणी दुकान टाळलं नाही. सण दिसण्याची जबाबदारी बाईच्याच कपाळावर का?

जाईजुई:
मला दुसऱ्या बाजूने भांडायचंय. मी पुण्यात आयटीत आहे. रोज टिकली, हातभर हिरव्या बांगड्या, सणाला नऊवारी आणि नथ. घरून कुणाचा आग्रह नाही. सासूबाई स्वतः ड्रेस घालतात. ऑफिसात माझं नाव ‘काकूबाई’. एका वरिष्ठ बाईंनीच मला सांगितलं की क्लायंटसमोर जरा प्रोफेशनल दिसायला हवं, आणि बोलताना त्या माझ्या बांगड्यांकडे बघत होत्या.

हे त्या कुठून शिकल्या? वेबसीरिज बघा. स्वतंत्र बाई म्हटलं की आखूड केस, फ्लॅटमध्ये एकटी, हातात वाइनचा ग्लास. साडीतली बाई एकतर दबलेली असते नाहीतर तिची आई असते. मुक्त बाईचासुद्धा गणवेश ठरलाय. रानजाई, तुम्ही न लावल्याच्या हिशेबाबद्दल लिहिता. मला लावल्याचा द्यावा लागतो, तोही सुशिक्षित बायकांना.

रानजाई:
हे माझ्या लिहिण्यात यायला हवं होतं. तरी दोन्हींचं वजन सारखं नाही असं मला वाटतं. तुम्हाला टोमणा मिळतो, न लावणारीला थेट विधवा ठरवतात.

जाईजुई:
तराजू नको. क्लायंटच्या मीटिंगमधून माझं नाव दोनदा गळलं. याला मी टोमणा म्हणू?

घाटमाथा:
मी कोल्हापूर जिल्ह्यातली. नवरा गेला तेव्हा मी चौतीस वर्षांची होते. माझ्या बांगड्या मी काढल्या नाहीत, बायकांनी फोडल्या. कुंकू पुसणारी माझी सख्खी आत्या होती. ती रडत होती आणि पुसत होती.

२०२२ च्या मे महिन्यात आमच्याच जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला की बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं हे गावात बंद. १७ मे ला सरकारने बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगणारं परिपत्रक काढलं. ती बातमी मी टीव्हीवर उभ्यानेच ऐकली. नंतर बाजारातून मरून रंगाची एक बारीक टिकली आणली. पहिल्या दिवशी ती लावून दळण आणायला गेले, तर पदर आपोआप कपाळावर ओढला गेला.

मालिकेत नवरा मेला की दुसऱ्या दिवशी बाईची साडी फिकी होते. कुणी काही बोलत नाही, नुसती साडी बदलते, आणि बघणारीला वाटतं असंच असतं. तुम्ही दोघी लावली तर काय, नाही लावली तर काय यावर भांडता आहात. मला आवडते म्हणून मी लावते. ती कुणाची बायको असल्याची खूण नाही, आणि हे मला गावात रोज नव्याने सांगावं लागतं.

पश्चिमवारा:
ताई, ‘ओकं’ हा शब्द मागे घेतो. तो लिहिताना माझ्या मनात तुम्ही नव्हता, आणि चूक तीच झाली. बहिष्काराचा मुद्दा मात्र मागे घेत नाही. तुम्हाला टिकली हवीशी वाटते, तिच्यात काही सुंदर आहे असं वाटतं. मग जाहिरातीतून ती नाहीशी होऊ नये असं म्हणणाऱ्यांना एवढं दोषी का धरायचं?

धागादोरा:
काही वर्षं मालिकांच्या वेशभूषेचं काम केलंय, म्हणून थोडं आतलं सांगते. संवाद यायच्या आधी पात्राचा लूक पक्का होतो. रोजचा भाग असतो आणि बघणारी बाई भाजी चिरता चिरता बघते, त्यामुळे मान वर केल्या केल्या तिला पात्र कळलं पाहिजे, हा हिशेब असतो.

पण टिकली असली की चांगली, नसली की वाईट, इतकं ते सोपं नाही. खलनायिकेच्या कपाळावर टिकली असते, उलट मोठी असते. लांबट, खड्यांची, वर भरपूर काजळ. नायिकेची छोटी आणि गोल. ऑफिसात जाणाऱ्या नायिकेला आम्ही कुर्ता द्यायचो, पँट नाही. एकदा एका नायिकेला गडद लिपस्टिक लावली तर ‘लूक मवाळ करा’ असा निरोप आला. तिथे टिकलीपेक्षा माप महत्त्वाचं. बाईने नटावं, पण स्वतःला नटायला आवडतं असं दिसेल इतकं नाही. जाईजुईंच्या हातभर बांगड्या माझ्या जुन्या सेटवर नायिकेला मिळाल्या नसत्या, आणि रानजाईंच्या आईला खटकलेली ती मोकळ्या कपाळाचीही नायिका झाली नसती.

रानजाई:
हे वाचून आईला विचारलं, तुझ्या मालिकेतल्या नायिकेची टिकली कशी असते? तिने न बघता सांगितलं, बारीक, लाल. आणि त्या दुसरीची? “चमकणारी.”

पश्चिमवारा, टिकली जाहिरातीतून जाऊ नये हे मलाही मान्य आहे. घाटमाथाताईंच्या वयाची, त्यांच्यासारखी एकटी बाई टिकली लावून दिवाळीचे दागिने घेताना दाखवली, तर तुमच्या आईला ती जाहिरात आपली वाटेल का? हे खरंच विचारतेय.

पश्चिमवारा:
विचारून सांगतो. लगेच हो म्हणेल असं वाटत नाही.

घाटमाथा:
माझ्या जाऊबाईपण म्हणत नाहीत. या संक्रांतीला पहिल्यांदा माझ्या घरी हळदीकुंकू ठेवलंय. गल्लीतल्या सगळ्या बायकांना बोलावणं गेलंय, माझ्यासारख्या चौघींनाही. ज्यांना कुंकू नको त्यांना नुसता तिळगूळ आणि वाण. जाऊबाई येणार नाही म्हणाल्यात. त्यांचं वाण बाजूला काढून ठेवलंय.