मदत हवी: जबरी चोरीत तीन वर्षं, वर ८० हजार भरपाई. अपिलाआधी पैसे भरावे लागतात का?

तापीकाठ:
नमस्कार मंडळी. आम्ही जळगाव जिल्ह्यातले. माझ्या चुलतभावाला मागच्या मंगळवारी तालुक्याच्या फौजदारी कोर्टात भादंवि (भारतीय दंड विधान) ३९२ खाली तीन वर्षं सक्तमजुरी झाली. प्रकरण २०२१ चं. कापसाचे पैसे घेऊन निघालेल्या माणसाला रात्री आठच्या सुमारास काठीचा धाक दाखवून बॅग पळवली. फिर्यादीने भावाला थेट कोर्टात ओळखलं, त्याआधी ओळख परेड (इतर माणसांत उभं करून संशयिताला ओळखायला लावणं) झालीच नाही. जप्तीच्या वेळचा एक साक्षीदार (पंच) कोर्टात उलटला.

भाऊ खटलाभर जामिनावर होता. निकालाच्या दिवशी त्याच कोर्टाने अपिलासाठी ३० दिवस शिक्षा थांबवून जामीन दिला. पण ५ हजार दंड आणि वेगळी ८० हजार भरपाई आहे. काका म्हणतात, ‘बैलजोडी विकू, फिर्यादीच्या हातावर पैसे ठेवू, मिटून जाईल.’ गावातले म्हणतात, अपील संभाजीनगरला हायकोर्टात. वकीलसाहेब चांगले आहेत पण फोन उचलत नाहीत. खरं काय?

कपाशीवाला:
दादा, दरोड्याच्या केसमध्ये जामीन मिळाला हेच नशीब समजा.

जुना_शिरस्तेदार:
कपाशीवाले, दरोड्याला पाच किंवा जास्त माणसं लागतात. ही जबरी चोरी आहे. पेपरवाले दोन्हींना दरोडाच म्हणतात, म्हणून हा घोळ.

तापीकाठ भाऊ, खंडपीठाकडे धावू नका. शिक्षा प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची, म्हणजे अपील सत्र न्यायालयात. मुदत ३० दिवस. निकालाच्या नकलेवरच्या शिक्क्यात अर्ज कधी केला आणि नक्कल कधी तयार झाली, या तारखा असतात. मुदत मोजताना नकलेला लागलेले दिवस वगळतात. तरी त्यावर विसंबू नका, भावाचा जामीन ३० दिवसांचाच आहे. त्याआत अपील दाखल करून सत्र न्यायालयाकडून शिक्षा स्थगितीचा आदेश घ्यायला हवा.

काकांना सांगा, बैल दावणीलाच राहू द्या. ३९२ तडजोडीचा गुन्हा नाही. पैसे दिले तरी शिक्षा पुसली जात नाही, आणि फिर्यादीच्या घरी गेलात तर दबाव आणला म्हणून नवंच झेंगट लागायचं.

आता पैशाचं. निकालाचं शेवटचं पान काढा, जिथे ‘आदेश’ लिहिलेलं असतं. भरपाई दंडाच्या रकमेतून द्यायची लिहिलंय की वेगळी?

तापीकाठ:
वेगळीच आहे साहेब. मुद्दा २ ला तीन वर्षं आणि ५ हजार दंड. मुद्दा ४ ला ‘फौ.प्र.सं. ३५७(३) प्रमाणे ८०,००० रुपये फिर्यादीस द्यावेत’, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम. लुटीतले ८० हजार मिळालेच नाहीत, म्हणून तेवढी रक्कम.

जुना_शिरस्तेदार:
मग हा मुद्दा अपिलाच्या मेमोत, म्हणजे अपिलाच्या अर्जात, ठळक घालायला सांगा. ३५७(३) ची भरपाई तेव्हाच देता येते, जेव्हा शिक्षेत दंड नसतो. दंड असेल तर भरपाई त्या दंडातूनच, ३५७(१) खाली. सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केलंय. इथे दोन्ही लावलंय. निकाल टाइप होताना असं होतं, मी डोळ्यांनी पाहिलंय.

सत्र न्यायालय ती भरपाई रद्द करेल की आदेशाची फेरमांडणी करेल, हे मी सांगू शकत नाही. शिवाय सर्वोच्च न्यायालयाच्याच २०१३ च्या अंकुश शिवाजी गायकवाड निकालात म्हटलंय, भरपाई ठरवताना आरोपीची ऐपत पाहा आणि कारणं लिहा. तुमच्या निकालात ऐपतीबद्दल एक तरी ओळ आहे का ते बघा.

तापीकाठ:
एकही नाही.

खान्देशकन्या_वकील:
शिरस्तेदारांशी सहमत. दंडातून द्यायची भरपाई अपिलाचा निकाल लागेपर्यंत द्यावी लागत नाही. ३५७(३) ची मात्र आपोआप थांबेल असं गृहीत धरू नका. शिक्षा स्थगितीच्या अर्जात ‘भरपाईच्या आदेशासही स्थगिती’ असं वेगळं मागा. कोर्ट काही रक्कम भरायला सांगू शकतं, म्हणून सातबारा आणि कर्जाचा उतारा सोबत जोडा. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हीच तरतूद कलम ३९५ मध्ये आहे, वकील कुठला आकडा लिहितात त्यावर वाद घालू नका.

ओळख परेड नव्हती एवढ्यावर निर्दोष सुटेल असं मात्र कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. परेड नसली तरी कोर्टातली ओळख ग्राह्य धरता येते. अंधारात चेहरा दिसला कसा, उजेड कुठला, फिर्यादीने पहिल्या जबाबात वर्णन दिलं होतं का, हे झालेल्या उलटतपासाच्या नोंदीतून काढून मांडा.

तापीकाठ:
जबाबात ‘अनोळखी तीन इसम’ एवढंच आहे ताई. नक्कल घेऊन उद्या सकाळी वकिलांच्या घरीच जातो, फोन नाही. आणि काकांना आत्ताच सांगितलं, बाजारात बैल नेऊ नका म्हणून.