एकाच सहामाहीत तीन संस्थांची संकेतस्थळे : वेळेचे गणित कसे बसवावे?

तृतीय_वर्ष

नमस्कार. मी पुण्यात संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला शिकतो. मागच्या सुट्टीत आमच्या गावच्या वाचनालयासाठी एक लहानसे संकेतस्थळ हौसेने करून दिले. ते चार लोकांच्या पाहण्यात आले आणि आता एकाच वेळी तीन कामे अंगावर आली आहेत. वाचनालयाला संकेतस्थळावर पुस्तके शोधण्याची सोय हवी आहे, मी राहतो त्या पेठेतील गणेश मंडळाला उत्सवापूर्वी नवे संकेतस्थळ हवे आहे, आणि भोर तालुक्यातील एका महिला बचत गटाला नाचणीचे पापड, भाजणी व मेतकूट विकायचे आहे. मानधन तिन्हीकडे नाममात्र आहे. डोमेन (संकेतस्थळाचा पत्ता) व होस्टिंगचा (ते ठेवण्याच्या सर्व्हरवरील जागेचा) खर्च तेवढा संस्था करतात.

कोड लिहिणे मला जड जात नाही, घोळ वेगळाच होतो. मंडळाने मजकूर म्हणून गेल्या वर्षीच्या अहवालाची पेजमेकर या छपाईच्या मांडणीच्या सॉफ्टवेअरमधील फाइल दिली. ती श्रीलिपी या युनिकोडपूर्व जुन्या फाँटपद्धतीत असल्यामुळे मजकूर चिकटवताच रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा खच पडला. युनिकोडमध्ये, म्हणजे संकेतस्थळावर चालणाऱ्या अक्षरसंकेतात, रूपांतर केले, तर रफार आणि पहिल्या वेलांट्या भलत्याच अक्षरांवर जाऊन बसल्या. दोन रात्री जागून ती २४ पाने दुरुस्त केली, तेव्हा अध्यक्ष म्हणाले की हा मजकूर जुना आहे, नवा अहवाल छापायला जायचा आहे. बचत गटाच्या ताई एकेक छायाचित्र व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात, तेही कोणत्या पदार्थाचे हे न लिहिता. वाचनालयाचे कार्यवाह ‘कार्यकारिणीपुढे ठेवतो’ असे म्हणाले, त्याला पाच आठवडे झाले.

मी सोमवार-मंगळवार वाचनालय, बुधवार-गुरुवार मंडळ आणि शनिवार-रविवार बचत गट असे वार वाटून पाहिले, पण ते दोन आठवडेही टिकले नाही. इनसेम (सत्राच्या मधली) परीक्षा आणि गणपती जवळजवळ एकाच वेळी येत आहेत. अशी कामे एकत्र सांभाळणाऱ्यांनी कृपया मार्ग सुचवावा.

जुना_डिझायनर

वार वाटून उपयोग होणार नाही, कारण तुमचे वार तुमच्या हातात असले तरी मजकूर त्यांच्या हातात आहे. बुधवारी मंडळाचे काम करायला बसलात आणि मंडळाकडून काहीच आले नसेल, तर तो बुधवार वाया जातो आणि गुरुवारी सगळे एकदम येऊन पडते. मी विद्यार्थी असताना हाच अनुभव घेतला आणि शेवटी एक नियम केला : पूर्ण मजकूर हाती आल्याच्या दिवसापासून माझे दिवस मोजायचे, त्याआधी तारखेचा शब्द द्यायचा नाही. ज्याचा मजकूर आधी पूर्ण होईल त्याचे काम आधी हाती घ्यायचे, आणि एका वेळी एकच संकेतस्थळ बांधायचे. उरलेल्या दोघांना त्यांच्याकडून काय येणे बाकी आहे, एवढेच दर रविवारी चार ओळींत कळवायचे.

प्रत्येक संस्थेकडून अंतिम होकार देणारी एकच व्यक्ती ठरवून घ्या. मंडळात तर हे फारच आवश्यक आहे, कारण तिथे रंगाबद्दल खजिनदाराचे मत एक असते, सजावटप्रमुखाचे दुसरे, आणि दोघेही रात्री अकरानंतर फोन करतात.

तिन्ही संकेतस्थळांचा सांगाडा एकच ठेवा आणि फक्त रंग, चित्रे व मथळे बदला. देवनागरीची मांडणी एकदा नीट करून ठेवलीत तर ती तिन्हीकडे चालेल. ‘मुक्त’ (Mukta) किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’ यांसारखा फाँट घ्या, अक्षरांमधील अंतर शून्यच ठेवा आणि ओळींमधील अंतर इंग्रजीपेक्षा थोडे सैल सोडा. इंग्रजीसाठी बनवलेल्या तयार थीममध्ये मोठ्या मथळ्यांच्या ओळी इतक्या जवळ असतात की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला टेकतो, आणि अक्षरांत अंतर टाकले असेल तर शिरोरेषा तुटून शब्द सुटासुटा दिसतो. ग्राहकाला नेमके काय बिघडले हे सांगता येत नाही, तो फक्त ‘काहीतरी बरे दिसत नाही’ म्हणतो आणि तुमचे चार दिवस जातात.

आणखी एक गोष्ट. डोमेन संस्थेच्या नावाने आणि संस्थेच्याच ई-मेलवर घ्या. मी एका संस्थेचे डोमेन माझ्या महाविद्यालयाच्या ई-मेलवर घेतले होते. शिक्षण संपल्यावर तो ई-मेल बंद झाला, नूतनीकरणाच्या सूचना कुणालाच मिळाल्या नाहीत आणि संकेतस्थळ एके दिवशी दिसेनासे झाले. त्या संस्थेच्या अध्यक्षांना तोंड दाखवायची मला आजही लाज वाटते.

दाखल_नोंदवही

मी एका लहान वाचनालयाचा कार्यवाह आहे, म्हणून पलीकडची बाजू मांडतो. आमची कार्यकारिणी महिन्यातून एकदा बसते आणि विषयपत्रिका काही दिवस आधी जाते. तुमचा प्रश्न फोनवर आला असेल तर तो विषयपत्रिकेत येत नाही, आणि ‘आयत्या वेळच्या विषयां’पर्यंत पोहोचेपर्यंत निम्मे सभासद घरी गेलेले असतात. कार्यवाहांना एक पानाचे पत्र द्या आणि त्यात हो किंवा नाही असे उत्तर देता येईल असेच प्रश्न ठेवा. रचनेचे तीन नमुने दाखवू नका, एकच दाखवा. तीन दाखवलेत तर सभा चौथा मागेल.

पुस्तकांच्या शोधाबद्दल मात्र सावध राहा, कारण तुमच्या तिन्ही कामांत खरे मोठे काम हेच आहे आणि ते कोडचे नाही. दाखल नोंदवहीत, म्हणजे आलेले प्रत्येक पुस्तक जिच्यात नोंदवतात त्या वहीत, एकाच लेखकाचे नाव कुठे आडनाव आधी, कुठे नाव आधी, तर कुठे नुसत्या आद्याक्षरांनी लिहिलेले असते, कारण चाळीस वर्षांत पाच ग्रंथपालांनी ती भरलेली असते. वाचक ‘कवीता’ असे टंकित करील आणि नोंद ‘कविता’ अशी असेल. ऱ्हस्व-दीर्घाचा हा फरक शोधाने पोटात घेतला नाही, तर पुस्तक कपाटात असूनही सापडणार नाही. आधी फक्त २०० पुस्तके नोंदवून पाहा. कोहा ही ग्रंथालयांसाठीची प्रणाली मुक्त स्रोत आहे आणि चांगली आहे, पण जिथे अर्धवेळ एकच कर्मचारी आहे तिथे ती सांभाळणार कोण, हे आधी विचारा. आमच्याकडे साध्या गूगल शीटवर काम भागते. शिवाय मार्च-एप्रिलमध्ये वाचनालयाकडून कशाचीही अपेक्षा ठेवू नका, आम्ही त्या वेळी हिशेब आणि अनुदानाच्या कागदपत्रांत बुडालेले असतो.

पेठकर

मंडळाचे पूर्ण संकेतस्थळ यंदा करूच नका. उत्सवाच्या दहा दिवसांत लोकांना आरतीची वेळ, मांडवाचा नकाशा आणि एक फोन क्रमांक हवा असतो. एवढे एक पान करा आणि बाकीचे अनंत चतुर्दशीनंतर बोलू असे सांगा. त्यानंतर कार्यकर्ते निवांत असतात आणि वर्षभराची छायाचित्रेही तेव्हाच गोळा होतात.

तृतीय_वर्ष

सर्वांचे आभार. दसऱ्यानंतर लिहीत आहे, उशिराबद्दल क्षमस्व.

मंडळाचे एकच पान केले आणि ते दीड दिवसात झाले. बचत गटासाठी खरेदीची टोपली आणि ऑनलाइन पैसे भरण्याची सोय हे दोन्ही वगळले. प्रत्येक पदार्थाखाली व्हॉट्सअ‍ॅपवर मागणी नोंदवण्याचे बटण दिले, पाकिटावरचा १४ अंकी एफएसएसएआय (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) क्रमांक पानाच्या तळाशी टाकला आणि दर एका शीटमधून येतील असे केले. उडीद डाळ महागली तेव्हा ताईंनी पापडाचा दर मोबाइलवरून स्वतःच बदलला, मला फोनही केला नाही. गटातील महिलांचे फोन क्रमांक छापायचा विचार मात्र त्यांनीच नको म्हणून सोडला आणि गटासाठी वेगळा क्रमांक घेतला.

वाचनालयाला तीन प्रश्नांचे पत्र दिले. दोन मंजूर झाले, तिसरा पुढील सभेवर गेला. २०० पुस्तकांच्या नोंदी करताना एकाच लेखिकेची नावे पाच तऱ्हांनी लिहिलेली सापडली, त्यामुळे सध्या ग्रंथपालबाई आणि मी दर शनिवारी तासभर बसून नावेच एकसारखी करतो आहोत. इनसेमच्या आठवड्यात तिन्ही ठिकाणी काम बंद राहील असे आधीच लेखी कळवले होते आणि कुणीही तक्रार केली नाही.

मंडळाचा नवा अहवाल आला आहे. तो पुन्हा श्रीलिपीतच आहे, म्हणून यंदा त्याची पीडीएफ तशीच पानावर जोडली.