कॉम्प्युटरला माल दिसतो, रॅकवर सापडत नाही – गोडाऊनची घडी कशी बसवायची?

गोडाऊनताई (शिरोली, कोल्हापूर)

नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत एका किराणा-सुपरमार्केट साखळीचं गोडाऊन मी बघते. दहा दुकानांना माल इथून जातो. चार कोल्हापूर शहरात, बाकी इचलकरंजी, जयसिंगपूर, कराड, कागल, गडहिंग्लज आणि निपाणी. शेड १८,००० चौरस फुटांची, साधारण ४,५०० प्रकारचा माल, शटर दोन. त्यातलं एक वळणावर असल्यामुळं तिथं बत्तीस फुटी कंटेनर लागत नाही. मोठी गाडी आली की येणारा माल आणि जाणारा माल एकाच शटरला समोरासमोर उभे.

सकाळी नऊ ते अकरा कंपन्यांच्या गाड्या एकदम येतात. आमच्या दुकानांच्या गाड्या दुपारी एकच्या आत सुटल्या पाहिजेत. मग इनवर्डचा (येणारा माल घेणारा) मुलगा मोजणी करून लगेच जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) मारतो, माल मधल्या गल्लीत उतरतो आणि तिथंच राहतो. कॉम्प्युटरला ४० बॉक्स दिसतात, पिकिंगची (दुकानांच्या मागणीचा माल काढणारी) मुलगी रॅकपाशी जाते तर जागा रिकामी. ती शॉर्ट (माल कमी) टाकते आणि पुढं जाते. संध्याकाळी तोच माल साखरेच्या थप्पीमागं सापडतो. दुकानात कमी गेलं की तिथला मॅनेजर पुढच्या वेळी दुप्पट मागतो, त्यामुळं मागणीचे आकडेही आता खरे राहिलेले नाहीत.

महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तर हातगाडी फिरवायला वाट नसते. मालक म्हणतात, जागा कमी पडतेय, शेजारची शेड भाड्यानं घेऊ. मला ते पटत नाही, पण का पटत नाही हे आकड्यांत मांडता येईना. माझ्या मुली दिवसभर माल हुडकत फिरतात आणि वर दुकानांची बोलणी खातात. त्यांच्यासाठी तरी हे थांबलं पाहिजे. कुणी अशा कामातून गेलं असेल तर सांगा.

रॅकवाला_पुणे

शेडची उंची किती आहे? २४ फुटांच्या आसपास असेल तर पॅलेट (माल रचायची चौकट) ठेवायच्या रॅकच्या चार लेव्हल आरामात बसतात, वरच्या लेव्हलला स्टॅकर (पॅलेट वर उचलणारं यंत्र) लागेल. शेजारच्या शेडच्या भाड्यापेक्षा हे परवडेल. पॅलेट १२०० बाय १००० मिलिमीटरचीच ठेवा, वेगवेगळ्या मापांची पॅलेट आली की रॅकचा उपयोग अर्धा होतो.

काल्हेर_नाका

ताई, रॅक आणि शेड दोन्ही थोडं बाजूला ठेवा. मी आयुष्यभर भिवंडी पट्ट्यात काढलं, काल्हेर, पूर्णा, माणकोली, सगळीकडची गोडाऊन पाहिली. मुंबईची जकात होती तेव्हा शहराबाहेर माल ठेवायचा म्हणून तिथं शेडमागून शेड उभ्या राहिल्या. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, जकात गेली, गोडाऊन वाढतच राहिली. तेव्हाही जागा कमी पडते हे रोज ऐकायचो. बहुतेक वेळा जागा नव्हे, आत येणाऱ्या मालावरचा ताबा कमी असायचा. तुमचं वर्णन वाचून मला तेच दिसतंय.

आधी एक भागाकार करा. गोडाऊनमध्ये आज एकूण किती बॉक्स आहेत, त्याला रोज सरासरी किती बाहेर जातात त्यानं भागा. येईल तेवढ्या दिवसांचा माल तुमच्याकडं उभा आहे. मग हाच भागाकार कंपनीवार करा. मालकांसमोर हा कागद ठेवायचा. पाच दिवसांत फिरणारा माल गल्लीत पडलाय आणि दोन-दोन महिने न हलणारा माल रॅकवर बसलाय असं दिसलं, तर नवी शेडसुद्धा त्याच न हलणाऱ्या मालानं भरणार.

आता जीआरएनचं. मोजणी झाली की माल कंपनीचा राहिला नाही, तुमचा झाला, हे बरोबर आहे, नोंद करायलाच हवी. पण तो पिकिंगला कधी दिसावा हा वेगळा प्रश्न आहे. सिस्टीममध्ये 'लावणी बाकी' नावाचं एक लोकेशन उघडा आणि जीआरएन झालेला माल तिथं जाऊ द्या. त्या लोकेशनवरून पिकलिस्ट (काढायच्या मालाची यादी) निघणार नाही अशी सोय सॉफ्टवेअरवाल्याकडून करून घ्या. माल रॅकवर लावला, लोकेशन स्कॅन झालं, तेव्हाच तो पिकिंगला मोकळा. पहिले काही दिवस मालकांना वाटेल स्टॉक असून देत नाही. पण मुलीच्या हातातल्या यादीत जे असेल ते त्या जागी सापडेल. एकदा यादीवर विश्वास बसला की पिकिंगचा वेग आपोआप वाढतो, वेगळं काही सांगावं लागत नाही.

आणि संध्याकाळी घरी जाताना त्या लोकेशनला काय उरलंय ते बघत जा. रोज तो आकडा शून्याकडं यायला हवा. आदल्या दिवशीचा माल लावल्याशिवाय दुसऱ्या दिवशीची पहिली गाडी उघडायची नाही, हा नियम मी कुणासाठीही मोडू दिला नाही. कंपनीचा एरिया मॅनेजर स्वतः येऊन उभा राहिला तरी नाही.

खरी लढाई शटरवर आहे. सकाळी मोठी गाडी लागते ते शटर तुम्ही फक्त येणाऱ्या मालाला द्या, आठ ते दीड. दुपारी रॅकच्या खालच्या खणांत माल भरून घ्या, म्हणजे पिकिंगला वरून काढायची वेळ येत नाही. चारनंतर पिकिंग आणि भरती, गाड्या रात्री भरून उभ्या, पहाटे सुटल्या. दुकानं उघडायच्या आत माल दुकानात पोचतो. ग्राहकांच्या गर्दीत खोकी आत घ्यायला तुमच्या दुकानांनाही आवडत नसणार. गाडी भरताना शेवटी उतरायचा माल आधी चढवायचा, हे मुलांना माहीत असतंच. पण पिकिंगसुद्धा त्याच क्रमानं झालं पाहिजे, नाहीतर शटरपाशी पुन्हा ढीग होतो.

सी अँड एफवाल्यांना (कंपन्यांचा माल डेपोतून पाठवणाऱ्या एजंटांना) वेळ ठरवून द्या. ते आधी ऐकणार नाहीत. त्यांना एवढंच सांगा की ठरल्या वेळेला गाडी आली तर लगेच शटरला लागेल, हॉल्टिंग (गाडी थांबून राहिल्याचा खर्च) पडणार नाही. न सांगता आलेली गाडी सगळ्यांच्या शेवटी. ट्रकवाल्याला दिवसाची एक फेरी वाचली की तोच पुढच्या वेळी डेपोत वेळ विचारून निघतो. शेवटच्या आठवड्याची गर्दी मात्र शटरवर सुटत नाही, ती खरेदीच्या टेबलावर सुटते. कंपनीच्या माणसाला टार्गेट असतं, तो स्कीम देऊन माल ढकलतो. रोज संध्याकाळी रिकामी पॅलेट जागा किती आहे तो आकडा खरेदीवाल्याला पाठवा आणि मालकांकडून एवढंच वदवून घ्या की त्यापेक्षा जास्तीची ऑर्डर एका तारखेला निघणार नाही. स्कीम घ्या, पण माल दोन-तीन हप्त्यांत मागवा.

करसल्ला_सांगली

निपाणीबद्दल एक गोष्ट, कारण भरतीच्या वेळेवर तिचा थेट परिणाम होतो. महाराष्ट्रातल्या तुमच्या दुकानांचा जीएसटी नंबर गोडाऊनचाच असेल, तर तिथं माल डिलिव्हरी चलनावर जातो. निपाणी कर्नाटकात. तिथला नंबर वेगळा, म्हणून कंपनी एकच असली तरी कर बीजक आणि आयजीएसटी (राज्याबाहेर जाणाऱ्या मालावरचा जीएसटी). ई-वे बिलाची (माल नेताना लागणाऱ्या ऑनलाइन कागदाची) मर्यादाही वेगळी आहे. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाखाच्या वर, राज्याबाहेर ५०,००० च्या वर. वाटेत गाडी बदलली तर बिलात नवीन गाडी नंबर भरायला विसरू नका.

म्हणून निपाणीची पिकिंग सगळ्यात आधी संपवा, मोजणी पक्की करा आणि मगच बीजक काढा. बीजक निघाल्यावर दोन बॉक्स वाढवले किंवा कमी केले आणि सीमेवर कोगनोळीच्या आसपास गाडी तपासली गेली, तर ड्रायव्हर बिचारा अडकतो.

गोडाऊनताई (शिरोली, कोल्हापूर)

काल्हेर काका, भागाकार केला. आत ५२,००० बॉक्स, रोज सरासरी २,६०० जातात, म्हणजे २० दिवसांचा माल. कंपनीवार काढलं तेव्हा चित्र स्पष्ट झालं. तेल, साखर, आटा पाच-सहा दिवसांत फिरतो. एका कंपनीचे साबण-शाम्पू मात्र ६५ दिवसांचे आहेत, सगळे महिनाअखेरीच्या स्कीममधले, आणि दर्शनी रॅक त्यांनीच अडवलेत. मालकांनी कागद दोनदा वाचला. शेजारच्या शेडचं तूर्त थांबवलंय, 'लावणी बाकी' लोकेशनसाठी सॉफ्टवेअरवाल्याला फोनही केलाय.

आता दोन शंका. रोजची साखर आणि तेलाचे डबे एवढे येतात, की ते रॅकवर लावून पुन्हा काढण्यातच माणसं दमतात. आणि हमाल. टोळी माथाडी मंडळाकडं (हमालांची नोंदणी आणि मजुरी बघणारं मंडळ) नोंदलेली आहे, दर नगावर. गाडी खाली झाली की त्यांचं काम संपलं, रॅकपर्यंत माल न्यायला ते तयार नसतात. त्यांचं चुकतंय असं मी म्हणत नाही, पण मग गल्ली मोकळी कोण करणार?

पंचगंगाकाठ

मधेच लिहितो, पण कोल्हापूरचं गोडाऊन म्हटल्यावर पावसाळ्याचं बोलावंच लागेल. शिरोली पंचगंगा नदीच्या अलीकडं, तुमची शहरातली चार दुकानं, कागल, गडहिंग्लज, निपाणी पलीकडं. ऑगस्ट २०१९ ला आणि जुलै २०२१ ला शिरोलीपाशी महामार्गावर पाणी आलं आणि वाहतूक बंद पडली. त्या दिवसांत इचलकरंजी-जयसिंगपूरचे रस्तेही भरवशाचे नसतात.

राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. पाणी पस्तिशीत गेलं, वर राधानगरीकडं पाऊस लागून आहे आणि धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडायला लागलेत, एवढं कळलं की ४३ ची वाट बघू नका. त्याच रात्री मीठ, आटा, तेल, दूध पावडर, लहान मुलांचं खाणं, मेणबत्त्या, काडेपेट्या पलीकडच्या दुकानांना जास्तीच्या पाठवा. पूर आला की लोक पहिल्यांदा हेच मागतात, आणि तेव्हा नुसत्या नफ्या-तोट्याचा विचार करून चालत नाही. शेडमध्ये साखर, आटा सगळ्यात खाली असतो, तो त्या आठवड्यात एक लेव्हल वर चढवा.

काल्हेर_नाका

पंचगंगावाल्यांनी लिहिलंय ते तुमच्या सिस्टीममध्ये पावसाळ्यापुरती वेगळी यादी म्हणून बसवून घ्या. ऐनवेळी फोनवर ठरवलं की निम्मं राहून जातं.

साखर आणि तेल रॅकवर न्यायचंच नाही. शटरच्या आत जमिनीवर दहा पट्टे आखा, दहा दुकानांची नावं घाला. तेलाची गाडी लागली की डबे उतरतानाच मागणीप्रमाणे त्या पट्ट्यांवर वाटायचे, उरले तेवढेच आत. यासाठी मागणी आदल्या संध्याकाळी बंद झालेली हवी, आणि ती खरी हवी. दुकानाची मागणी गेल्या काही आठवड्यांच्या विक्रीशी ताडून बघा आणि दुपटीची आली तर मॅनेजरला फोन करून कारण विचारा. शॉर्ट जाणं थांबलं की तो स्वतःच कमी मागू लागेल, पण त्याला दोन-तीन आठवडे द्या.

एक्स्पायरीचंही सांगतो. इनवर्डलाच प्रत्येक बॉक्सवर जाड मार्करनं एक्स्पायरीचा महिना लिहा, रॅककडच्या नाही, समोर दिसणाऱ्या बाजूला. आधी संपणारा माल आधी काढायचा, हे सगळ्यांना पाठ असतं. पण अर्ध्या उजेडात बारीक छापलेली तारीख वाचत बसायला कुणाला वेळ असतो? कमी मुदतीची बिस्किटं शहरातल्या चालत्या दुकानांना द्या. ज्या दुकानात माल हळू खपतो तिथं ती पाठवली की परत येणार आणि तुमच्याच शेडमध्ये पडून राहणार.

हमालांशी मुकादमामार्फत बोला आणि रॅकपर्यंत न्या असं म्हणूच नका, ते त्यांचं काम नाही. मागायचं एवढंच की ट्रकमधून उतरलेला बॉक्स जमिनीवर न टाकता थेट पॅलेटवर लावा. एका पॅलेटवर एकच आयटम, एकच बॅच. यात थर जुळवायचं काम वाढतं, पण पाठीला वाकणं कमी होतं, म्हणून टोळ्या त्याला नकार देत नाहीत असा माझा अनुभव आहे. वाढीव कामाचा दर मात्र ठरवून करारात लिहून घ्या आणि मजुरी व लेव्ही (मजुरीवर मंडळाला द्यायची रक्कम) मंडळातूनच जाऊ द्या. हातावर वरचे पैसे ठेवायची सवय लावली की उद्या नवा मुकादम आला, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. पॅलेट भरलं की तुमचा मुलगा हँड पॅलेटनं (हातानं ओढायच्या पॅलेट-गाडीनं) एका फेरीत ते रॅकपाशी नेतो. त्यासाठी गाडी लागायच्या आधी रिकामी पॅलेट शटरपाशी मांडून ठेवायला लागतील, तेवढी आहेत का ते आजच मोजा.